क्षयरोग आणि घरची बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, नाटुकले आणि पाककृतींची स्पर्धा यांच्या मधोमध एका डॉक्टरीणबाईला उभे करून क्षयरोगावर बोलावयास सांगणे, हे थोडे धाडसाचेच काम आहे. आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. "बाळाचा आहार" किंवा "उन्हाळ्यातील आरोग्य" असा सोयीचा विषय मला घेता आला असता. परंतु छातीच्या रोगांच्या दवाखान्यात इतकी वर्षे काढल्यावर बायकांच्या मेळाव्यात बोलण्याची संधी मिळाली, तर मी हाच विषय घ्यावा असे मला वाटले. त्याचे कारण सांगते. क्षय हा पुरुषांना बायकांपेक्षा अधिक होतो हे खरे. पण माझ्यासमोर येणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा उशिरा येतात, आणि बऱ्या वाटू लागल्या की लवकर दिसेनाशा होतात. रोग बरा होणारा असताना या दोन गोष्टींपायी तो जिवावर बेततो. आज मला मुख्यतः या दोन गोष्टींविषयीच बोलावयाचे आहे.

क्षय हा आता गेलेला रोग आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. साऱ्या जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर जाऊन क्षयाची पाहणी करण्यात आली. तीत असे आढळले की, ज्यांना क्षयासारखी लक्षणे होती, त्यांच्यापैकी सुमारे ६४ टक्के माणसे कोणत्याही डॉक्टरकडे गेलेलीच नव्हती. बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. म्हणजे दवाखाना आहे, औषध आहे, तेही फुकट आहे. पण रोगी आणि औषध यांची गाठच पडत नाही.

आपल्या वैद्यकात या रोगाला राजयक्ष्मा म्हणत. क्षय म्हणजे झिजणे. माणूस डोळ्यांदेखत झिजत जातो म्हणून हे नाव. आपल्यापैकी प्रत्येकीला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव माहीत आहे. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्याआधी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. शत्रू कोण हे कळले होते, पण त्याला मारणारे औषध हाती यावयास आणखी साठ वर्षे जावी लागली. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली सापडले, आयसोनायझिड १९५२ साली वापरात आले, आणि रिफॅम्पिसिन त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. आनंदीबाईंना जे मिळणे शक्यच नव्हते, ते आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोणाही बाईला मिळते. हे लक्षात घेतले म्हणजे आजचा मृत्यू अधिकच जिव्हारी लागतो.

आता हा रोग पसरतो कसा ते पाहू. फुप्फुसाचा क्षय झालेले माणूस खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते, तेव्हा अत्यंत बारीक तुषार हवेत जातात. त्यांत जंतू असतात. बंद, कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. उघड्यावर, वाऱ्यात आणि उन्हात ते टिकत नाहीत. तेव्हा खिडकी उघडी ठेवणे हा क्षयाविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

आणि तो कशाने पसरत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ताट, वाटी, पेला, कपडे, एकत्र जेवण, हातात हात घेणे, यांनी क्षय होत नाही. माझ्याकडे एक सून येत असे. तिचे ताट-तांब्या वेगळे, ती भांडी मोरीत वेगळ्या कोपऱ्यात, तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकावयाचे नाही; आणि रात्री मात्र तीन मुलांना घेऊन ती बिनखिडकीच्या खोलीत दार लावून निजे! घरच्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जेथे धोका नव्हता तेथे सोवळे पाळले जात होते, आणि जेथे धोका होता तेथे कोणाचे लक्षच नव्हते. भांडी वेगळी करून एकच गोष्ट साधते: त्या बाईला आपण घरात नकोशा झालो असे वाटू लागते, आणि पुढच्या बाईला आपला खोकला लपवावासा वाटतो.

जंतू शरीरात गेला म्हणजे रोग झालाच असे नाही. पुष्कळांच्या शरीरात तो निपचित पडून राहतो. अशा शंभर माणसांतून जन्मभरात पाच ते दहा जणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. शरीराची शक्ती खचली की तो उठतो. पोटभर अन्न नसणे, मधुमेह, एचआयव्हीची लागण, धूम्रपान, दारू ही त्याची नेहमीची निमित्ते. आपल्या घरातील शेवटी जेवणारे माणूस कोण, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

आता लक्षणांकडे वळू. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. इतर कित्येक जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून हा रोग धाडकन येत नाही, चोरपावलांनी येतो. पहिले लक्षण खोकला. साधा सर्दीपडशाचा खोकला आठ-दहा दिवसांत जातो. दोन आठवडे होऊन गेले आणि खोकला आहेच, तर तो कोरडा असो वा बेडक्याचा असो, क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. दुसरे लक्षण ताप. हा बहुधा सणसणून येत नाही. दिवेलागणीच्या सुमारास अंगात कणकण वाटते, डोळे जळजळतात, सकाळी उठल्यावर बरे वाटते. तिसरे, रात्रीचा घाम. उशीचा अभ्रा भिजून जातो. चौथे, भूक मंदावणे आणि वजन उतरणे. बायका वजनकाट्यावर क्वचितच उभ्या राहतात, पण पोलके सैल होते, बांगडी कोपरापर्यंत सरकू लागते, तेव्हा त्याचा अर्थ विचारावा. पुढेपुढे छातीत दुखते, धाप लागते, खोकल्यातून रक्त पडते. रक्त पडणे हे घाबरवणारे लक्षण असल्यामुळे पुष्कळ लोक त्याचीच वाट पाहतात. "रक्त काही पडले नाही, मग क्षय कसा?" असे मला विचारले जाते. रक्त कित्येक रोग्यांना अखेरपर्यंत पडत नाही. त्याची वाट पाहू नये.

ही लक्षणे मी आता ओळीने सांगितली. पण घरात ती अशी ओळीने येत नाहीत. प्रत्येकीला काही ना काही स्पष्टीकरण तयार असते. खोकला? फोडणीचा ठसका, चुलीचा धूर, कापसाची धूळ. थकवा? बाळंतपणानंतर होतोच. वजन उतरले? लेकीच्या लग्नाची धावपळ. संध्याकाळची कणकण? दिवसभराचे काम. आणि प्रत्येक स्पष्टीकरण खरे वाटण्याजोगे असते! मध्यंतरी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून खोकल्याची बाटली येते. ती संपली की दुसरी. कधी एखादे जंतुनाशक औषध चार-पाच दिवस घेतले जाते. अशा औषधांपैकी काहींनी क्षयाची लक्षणे थोडे दिवस दबतात. रोग मात्र आत वाढतच राहतो. असे करता करता तीन महिने निघून जातात. त्या तीन महिन्यांत फुप्फुसाला पोकळी पडलेली असते, आणि जवळ निजणारी मुले तीच हवा घेत असतात.

आता निदान. फुप्फुसाच्या क्षयाचा खरा पुरावा थुंकीत असतो. दोन नमुने द्यावयाचे असतात: एक दवाखान्यात गेल्याबरोबर आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. जुनी पद्धत अशी की, थुंकी काचपट्टीवर पसरून तिला तांबडा रंग देतात. इतर जंतूंवरचा रंग आम्लाने धुतला की जातो. क्षयाचा जंतू मात्र तो रंग सोडत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांसारखा दिसतो. पण असे दिसण्यासाठी एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. हल्ली जंतूचे जनुक ओळखणारी यंत्रे आली आहेत. सीबीनॅट हे यंत्र सुमारे दोन तासांत, फारच थोडे जंतू असले तरी, उत्तर देते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे यंत्र तर लहानशा दवाखान्यातही बॅटरीवर चालते; २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रे जंतू आहे किंवा नाही एवढेच सांगत नाहीत, तर तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल की नाही हेही सांगतात. उपचार सुरू करण्यापूर्वी हे कळणे फार मोलाचे असते.

पण यंत्र कितीही चांगले असले, तरी त्यात काय घातले यावर सारे अवलंबून आहे. आणि येथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. पाकिस्तानात रावळपिंडी येथे एक प्रयोग झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. थुंकीचा नमुना देण्यापूर्वी काही रोग्यांना थोडक्यात समजावून सांगितले की, लाळ नको, छातीतला बेडका हवा, आणि तो कसा काढावयाचा. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली. पुरुषांच्या निकालात त्याने विशेष फरक पडला नाही. पण बायकांत, जेथे डबीच दिली होती तेथे शंभरांपैकी ८ जणींच्या थुंकीत जंतू सापडले, आणि जेथे समजावून सांगितले होते तेथे १३ जणींच्या! औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. दोन शब्द सांगितल्याने एवढा फरक. याचे कारण आपल्याला शोधावे लागणार नाही. चारचौघांत खाकरून थुंकणे बाईच्या जातीला शोभत नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. मग ती डबीत तोंडातली लाळ टाकते, पदराआड डबी पुढे करते, आणि "जंतू नाहीत" असा कागद घेऊन घरी जाते. तो कागद तिचा घात करतो.

तेव्हा नमुना कसा द्यावा ते नीट ऐका. सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी. इतरांपासून दूर, मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात जावे. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, क्षणभर रोखावा, आणि मग छातीच्या तळापासून जोराने खोकावे. जो घट्ट बेडका येईल तो डबीत धरावा. किमान दोन मिलिलिटर, म्हणजे अर्धा लहान चमचा, तरी भरावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

छातीचा फोटो, म्हणजे क्ष-किरण चित्र, हाही मोठा साहाय्यक आहे. मघाशी सांगितलेल्या देशव्यापी पाहणीत सापडलेल्या रोग्यांपैकी शंभरांत बेचाळीस-त्रेचाळीस जण केवळ फोटोमुळे लक्षात आले. त्यांना सांगण्याजोगी लक्षणेच नव्हती. परंतु फोटोतील सावली क्षयाचीच असते असे नव्हे. म्हणून फोटोने संशय घ्यावा आणि थुंकीने खात्री करून घ्यावी. हातावर सुई टोचून करतात ती चाचणी जंतू शरीरात शिरला आहे एवढेच दाखविते, रोग झाला आहे असे दाखवीत नाही. आणि रक्तातील प्रतिद्रव्ये मोजून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या फसव्या ठरल्यामुळे २०१२ साली आपल्या सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. कोणी अशी चाचणी करावयास सांगितलेच, तर पैसे खर्च करू नका.

निदान झाले, आता उपचार. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. ही औषधे एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि वजनाप्रमाणे रोज ठराविक गोळ्या घ्यावयाच्या असतात. ३५ ते ४९ किलो वजनाच्या बाईला तीन, ५० ते ६४ किलोच्या बाईला चार. सरकारी दवाखान्यात त्या विनामूल्य मिळतात.

"एका रोगाला चार औषधे कशाला?" हा नेहमीचा प्रश्न. फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतले काही मुळातच एका औषधाला न जुमानणारे असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे मूठभर राहून वाढतात. चारही औषधे एकदम दिली, की एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो.

"आणि सहा महिने कशाला?" हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. शेतात हराळी माजलेली तुम्ही पाहिली असेल. वरवर खुरपले की रान स्वच्छ दिसते, पण एक पाऊस झाला की ती पुन्हा उभी! मूळ खोल खणून काढावे लागते. क्षयाचे तसेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, तोंडावर तजेला येतो. पण मंद, निजलेले जंतू मागे असतातच. ते संपविण्यासाठी पुढचे चार महिने.

भगिनींनो, या रोगातील सर्वांत धोक्याचा दिवस मला विचाराल, तर तो हा बरे वाटू लागल्याचा दिवस. बाई पुन्हा कामाला लागते. गोळ्यांनी मळमळते; दवाखान्यात जायचे तर अर्धा दिवस मोडतो; माहेरी लग्न असते, तेथे गोळ्या दिसल्या तर चारजणी विचारतील. मग एक दिवस चुकतो, मग आठवडा, मग गोळ्या कपाटात राहतात. काही महिन्यांनी रोग परत येतो, आणि या वेळी तो औषधाला न जुमानणारा असू शकतो. अशा क्षयालाही आता उपचार आहे. पूर्वी तो दीड वर्षाहून अधिक काळ चाले. आता बेडाक्विलिन आदी नव्या औषधांमुळे पुष्कळांना सहा महिन्यांच्या आसपास पुरा करता येतो. पण ती वाट अवघड आहे, आणि पहिल्याच खेपेला सहा महिने पुरे केले तर बहुतेकींना तिकडे जावेच लागत नाही.

औषधांचे त्रास आधी माहीत असले म्हणजे भीती वाटत नाही. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्याने काही बिघडत नाही. हातापायांना मुंग्या आल्या तर ब-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात. थोडी मळमळ बहुधा पुढे कमी होते. परंतु डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नाचा वासही सोसेना, किंवा नजर अंधूक होऊ लागली, रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डॉक्टर औषध बदलून देतो. आपल्या मनाने गोळ्या सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बायकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. रिफॅम्पिसिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसरे साधन वापरावे. गर्भारपणात क्षय झाला तरी ही नेहमीची औषधे घेता येतात. उलट औषध न घेणे हेच आईला व बाळाला घातक. अंगावर पिणारे मूल असेल तर दूध तोडू नये. तोंडाला मुसके बांधून पाजावे आणि बाळाला तपासून घ्यावे.

आता एक जुनी समजूत. क्षय म्हटला की मिरज, शिवडी अशी नावे, थंड हवेची आरोग्यधामे, महिनोन् महिने बिछान्यावर पडून राहणे, हे पूर्वीच्या पिढीच्या डोळ्यांसमोर येई. ही समजूत मोडली ती आपल्याच देशात. १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र निघाले. तेथील गरीब वस्तीतल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषधे, विश्रांती, चांगला आहार, परिचारिकांची देखरेख दिली. दुसऱ्या गटाने तीच औषधे आपल्या दाटीवाटीच्या घरात राहून, घरचेच बेताचे अन्न खाऊन घेतली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि साऱ्या जगाने ते वाचले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. आणि घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबियांना अधिक क्षय झाला असेही दिसले नाही. कारण नेमाने औषध सुरू झाले की साधारणपणे दोन आठवड्यांत रोग्यापासून होणारा संसर्ग खूपच कमी होतो. तेव्हा घरच्या बाईला क्षय झाला म्हणून तिला माहेरी पाठविण्याचे कारण नाही. तिला घरातच राहू द्या, खिडकी उघडी ठेवा, खोकताना तिने तोंडावर रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या डब्यात घेऊन जाळावा किंवा उकळून टाकावा, आणि पहिले काही दिवस हवेशीर जागी वेगळे निजावे. एवढे पुरे.

मद्रासच्या या प्रयोगावरून अन्नाचे महत्त्वच नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जंतू औषधानेच मरतो. पण झिजलेल्या शरीराला उभे राहण्यास अन्न लागते. झारखंडात झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. आणि रोग्याच्या घरातील इतर माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, त्या घरांतील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ! यांत विलायती टॉनिक नाही, महाग डबा नाही. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडे, दूध, जे परवडेल ते, पण रोज. आणि बाईच्या ताटात सर्वांच्या बरोबरीने, सर्वांच्या नंतर नव्हे. सरकारकडूनही उपचाराच्या काळात आहारासाठी रोग्याच्या खात्यावर पैसे जमा होतात. २०१८ साली महिना ५०० रुपयांनी ही योजना सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. त्यासाठी दवाखान्यात नाव नोंदवून बँकेच्या खात्याचा क्रमांक द्यावा लागतो. खाते शक्यतो तिच्या स्वतःच्या नावाचे असावे.

घरात एकाला क्षय निघाला की सर्वांनी तपासून घ्यावे, विशेषतः लहान मुलांनी. ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध आहे: सहा महिने रोज आयसोनायझिड, किंवा आठवड्यातून एकदा याप्रमाणे बारा आठवडे दोन औषधे. जन्मल्यावर टोचलेली बीसीजीची लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचविते. पण मोठेपणी फुप्फुसाचा क्षय होणार नाही, अशी हमी ती देत नाही.

आणि लग्नाचा प्रश्न. "मुलीला क्षय झाला असे कळले तर स्थळ कोण देईल?" म्हणून तिला गुपचूप दुसऱ्या गावी नेऊन उपचार करणारे, आणि लग्न ठरले की उपचार थांबविणारे आईबाप मी पाहिले आहेत. माझे त्यांना आणि तुम्हांला एवढेच सांगणे आहे की, उपचार पुरा करून बरी झालेली मुलगी ही इतर कोणत्याही मुलीसारखीच संसाराला योग्य असते. तुमच्यापैकी पुष्कळजणी सासवा आहेत, काही होणार आहेत. स्थळ पाहताना मुलीला पूर्वी क्षय झाला होता असे कोणी प्रामाणिकपणे सांगितले, तर त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. उपचार पुरा झाला का, एवढे विचारा. या एका प्रश्नाने कितीतरी मुलींच्या गोळ्या पुऱ्या होतील.

शेवटी मंडळाला दोन सूचना करून मी संपविणार आहे. पहिली अशी की, २०२२ सालापासून निक्षय मित्र नावाची योजना सुरू आहे. तीत एखादी व्यक्ती, संस्था किंवा मंडळ रुग्णाची संमती असेल तर त्याला उपचार चालू असेपर्यंत दरमहा शिधा देऊ शकते. आपले मंडळ भिशी चालविते, हळदीकुंकवाला वाणे लुटते. त्यातून चार-पाच घरांचा डाळ-तांदूळ सहज निघेल. दुसरी सूचना पैशाची नाही. प्रत्येकीने आपल्या आळीतील किंवा इमारतीतील एका क्षयरोगी बाईची सोबतीण व्हावे. दवाखान्यात तिच्याबरोबर जावे, आणि दोन महिन्यांनी ती "आता मी बरी आहे" म्हणू लागली की रोज जाऊन बसावे, गोळी घेतलेली पाहावी, चहा प्यावा, आणि तिच्याच पेल्यातून प्यावा. आशाताई हे काम करतातच, पण शेजारणीसारखी शेजारीणच.

 घरी गेल्यावर आज एक करा. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना आहे का, हे आठवून पाहा. आणि आठवताना स्वतःला वगळू नका.